शाळेचं मागचं दार

आमचे घरमालक कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करायचे. दुकानात शर्ट घ्यायला गेले की तो आतून बाहेर काढून शिवणी बघायचे. लग्नपत्रिका आली की मागून वाचायला सुरुवात. एकदा पेढे आणायला म्हणून गेले, दुकानाच्या मागच्या बोळात शिरून भट्टी बघून आले आणि पेढे न घेताच परतले. दुकानदार त्यांचा लांबचा मेहुणा होता. त्यानं पुढं सहा महिने बोलणं टाकलं, आणि ते ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

चाळीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात चादरी तपासल्या होत्या. मागावरून उतरलेली चादर टेबलावर पालथी घालायची, सुटलेला धागा, तुटलेला धागा, तेलाचा डाग हुडकायचा आणि खडूनं खूण करायची, एवढंच काम. निवृत्त झाले तरी खडू तेवढा सुटला, नजर काही सुटली नाही. म्हणायचे, "पुढनं समद्याच चादरीवर मोर नाचतोय की. मागनं बघितलं की कळतंय त्याचे पाय कुटं लोंबतायत."

त्यांची खोली आम्हाला मिळाली तीही अशीच. आम्ही करकंबहून नुकतेच सोलापुरात आलो होतो, नवऱ्याला सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती. पूर्व भागातली ही वरच्या मजल्यावरची जागा आम्हाला फार आवडली. घरमालक काही बोलले नाहीत, फक्त सध्या कुठं राहता ते विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या त्या जुन्या खोलीच्या मोरीच्या बाजूनं हेच उंच, काटकुळे घरमालक आत आले. मी भांडी घासत होते. त्यांनी पालथं घातलेलं एक पातेलं उचललं, खालून बघितलं आणि परत ठेवलं. "पातेल्याचं बूड घासलेलं हाय. या राहायला," म्हणाले आणि निघून गेले. मी रागानं लाल झाले होते. नवऱ्याला म्हटलं, असल्या माणसाच्या घरात मी पाऊल टाकणार नाही. पुढच्या रविवारी सामान हलवलं.

ते मूळचे तेलुगू. आमची रेणू बोलायला लागली तेव्हा त्यांनीच तिला 'ताता' म्हणायला शिकवलं. ताता म्हणजे आजोबा. मग आम्ही दोघंही ताताच म्हणायला लागलो. त्यांची बायको पूर्वीच गेलेली, एकुलती एक मुलगी हैदराबादला मोठ्या कंपनीत. घरात ते एकटे आणि शेजारच्या शेडमधल्या यंत्रमागांची दिवसभर खटखट. त्या खटखटीनं त्यांचे कान जरा गेले होते, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर आणि बोलणं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

रेणूला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मी त्यांना काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? मी करकंबला जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटावर बसून शिकलेली. दवाखान्यात रिसेप्शनला बसते तेव्हा एखादा पेशंट इंग्रजीत काही विचारतो आणि मी नुसतं आतल्या डॉक्टरांकडं बोट दाखवते. माझ्या मुलीवर ती वेळ येऊ नये, बस. गावाबाहेरच्या एका इंग्लिश मीडियमच्या शाळेत आम्ही गेलो. काचेचं दार, दारात कारंजं, आत गेल्याबरोबर गार वारा. तिथल्या मॅडमनी रेणूचा गाल धरून तिला काहीतरी विचारलं, ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही आणि त्यामुळंच आमची खात्री पटली.

दोन वर्षं बरी गेली. पहिलीत गेल्यावर रेणू शाळेत बोलेनाशी झाली. हळूहळू नाही, एकदमच. डायरीत शेरे येऊ लागले की मुलगी उत्तर देत नाही. मग घरीही तिचं बोलणं कमी होत गेलं. जी पोरगी जिन्यावरून खाली येता येता तातांना सगळ्या दिवसाचा हिशेब द्यायची, ती मान हलवून निघून जायची. आमच्या डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, सगळं व्यवस्थित. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं आणि शाळेची गाडी निघून गेली की थांबायचं. सहा वर्षांच्या लेकराचा आवाज माझ्या डोळ्यांदेखत घरातून नाहीसा होत होता, आणि आम्ही नवराबायको त्यावरून एकमेकांच्या अंगावर ओरडत होतो. मी सांगते, तेवढी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

तातांनी विचारलं, "शाळा मागनं बघितलीस का?"

"शाळेला कसली मागची बाजू, ताता?"

"चल की. दाखवतो."

रिक्षा करून गेलो. शाळेच्या मागं एक बोळ, त्यात एक लोखंडी फाटक. मधल्या सुट्टीची वेळ. घंटा झाली. आम्ही उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला वाटलं, आज सुट्टी असावी. फाटकाच्या फटीतून बघितलं तर व्हरांड्यात दोनशे मुलं रांगेत बसलेली, डबे उघडे, तोंडं मिटलेली. डबा संपला की बोट ओठांवर. कुणी मारत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं, बाई चांगल्या हसऱ्या होत्या. फक्त आवाज नव्हता.

तातांनी कानामागं हात धरून ऐकलं. म्हणाले, "तपासणीच्या आधी मी मागावर हुतो. शेडमदी माग चालू असला की मी बाहेर झोपायचो बघ, लई गाढ. आवाज थांबला की जागा व्हायचो आणि पळायचो. धागा तुटला की माग थांबतोय."

खरं सांगायचं तर त्याच शाळेत आमच्या समोरच्यांचा मुलगा मजेत शिकला, आता तो तिकडं पुण्यात कसलं कसलं शिकतोय. शाळेला मी नावं ठेवत नाही. आमच्या रेणूला ती मानवली नाही, एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तिला पाठवलं नाही. नवरा म्हणाला, दुसरी इंग्लिश शाळा बघू. मी म्हटलं, मी घरीच शिकवीन. त्या दिवसांत मी मोबाइलवर एका ग्रुपमध्ये सामील झाले होते, पुण्यामुंबईचे आईबाप त्यात घरशाळेबद्दल लिहायचे. त्यांची मुलं गच्चीवर भाज्या लावायची, दुर्बिणीतून तारे बघायची. मला फार भारी वाटायचं. दवाखाना माझा दुपारचा, सकाळ मोकळी. भिंतीवर तक्ते लावले, वेळापत्रक केलं, नऊला प्रार्थना, साडेनऊला गणित. प्रार्थनेला मी आणि रेणू दोघीच उभ्या राहायचो, शेजारी माग खटखटायचे.

पहिल्या महिन्यात रेणू माझ्याशी पुन्हा बोलायला लागली. मला आकाश ठेंगणं झालं. ग्रुपवर मी लांबलचक संदेश टाकला, त्यावर लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली. बाहेरचं कुणी आलं की ती अजून माझ्या पदरामागं जायची, पण ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.

ताता रोज दहा वाजता जिन्याच्या पायरीवर पेपर घेऊन बसायचे आणि आमची शाळा ऐकायचे. चार महिन्यांत एक शब्द बोलले नाहीत. ज्या माणसानं माझ्या पातेल्याचं बूड बघितलं होतं, तो माझ्या शाळेबद्दल गप्प, म्हणजे खूश असणार असं मी धरून चालले. मार्चमध्ये मी रेणूच्या सगळ्या कागदांची फाइल केली आणि मोठ्या तोऱ्यात त्यांच्या मांडीवर ठेवली. प्रत्येक पानावर बेरजा, वजाबाक्या, मराठी शब्द, इंग्रजी शब्द, सगळं बरोबर, सगळीकडं लाल खुणा.

त्यांनी फाइल पालथी घातली.

मागच्या कोऱ्या बाजूंवर पेन्सिलीनं रेघा मारलेल्या होत्या. रेघांमध्ये नावं. ताता, पप्पा, दूधवाले काका, खालची मनी मांजर, दवाखान्यातल्या मावशी, आणि काही नावं कधीच न ऐकलेली, तिनं मनानं घातलेली. प्रत्येक नावापुढं 'हजर'. मांजरीपुढंसुद्धा हजर. ती रोज एक वर्ग भरवत होती आणि मला पत्ता नव्हता. यादीच्या तळाशी तिचं स्वतःचं नाव होतं आणि त्यापुढं 'गैरहजर'. मी पानं उलटत गेले. सोमवार, मंगळवार, बुधवार. सगळे हजर आणि रेणू गैरहजर.

मी तिथंच पायरीवर बसले. मला राग आला, तो कुणाचा ते कळेना, म्हणून तातांवरच काढला. "तुम्हाला माहीत होतं तर चार महिने गप्प का बसलात?"

"म्हाईत नव्हतं," ते म्हणाले. "भ्या वाटत होतं. मी पण केलंया हे."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी पहिलीत असताना एका मास्तरांनी तिला छडी मारली. ताता दुपारीच शाळेत गेले आणि तिला कडेवर घेऊन आले. आता कुठली शाळा नको, मी शिकवतो. दोन वर्षं तिला कारखान्यात घेऊन जात आणि तपासणीच्या टेबलाशेजारी बसवून शिकवत. अक्षरं रंगाच्या डब्यांवरून, गणित टॉवेलांवरून. टॉवेल डझनानं मोजतात. पोरगी हुशार, डझनाच्या गणितात अशी तरबेज झाली की कारकून तिला विचारून लिहायचा. तिसरीच्या वयाला तिला परत शाळेत घातलं. बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर तेरा लिहायला सांगितले. तिनं खडू घेऊन ठळक अकरा काढले. पहिला एक म्हणजे एक डझन, दुसरा वरचा एक. सगळा वर्ग हसला.

मलाही हसू आलं. तातांना आलं नाही.

"ते महिन्याभरात सुटलं," ते म्हणाले. "आकडे काय, सुधरत्यात. पण तिला कुणासंगं भांडायला यायचं न्हाय. कुणी पेन घेतलं, देऊन टाकायची. जागा घेतली, उठायची. दोन वर्षं बापासंगं एकली, कुणासंगं भांडणार? आता एवढी मोठी साहेब झाली, तरी मी काय बी म्हणलो की 'हो बापू'. ये म्हणलो की येती. एकदा ताप असताना आली बघ, रातभर गाडीत बसून. मी विचारलो, तापात कशाला आलीस? म्हणली, तुमी बोलावलं ना." मग म्हणाले, "लोक म्हणत्यात, लई गुणी पोरगी. मला ते गोड लागत न्हाय."

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ते उठले, फाइल मला दिली आणि म्हणाले, "उद्या अकराला तयार राहा. ती पुढची शाळा बघू."

ती पुढची शाळा म्हणजे चौकातली महापालिकेची शाळा. ताता स्वतः तिथंच तेलुगू वर्गात चौथीपर्यंत शिकलेले. शाळेचा आवाज आम्हाला दोन गल्ल्या आधीच ऐकू आला. मागच्या दाराला कडी नव्हतीच, वायरनं बांधलं होतं. मैदानात पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, एका कोपऱ्यात मराठीत भांडण, दुसऱ्यात तेलुगूत, मध्ये एक पोरगी दखनी उर्दूत दोघांनाही दटावत होती.

तातांनी चादर तपासावी तशी शाळा तपासली आणि प्रत्येक दोष मोठ्यानं सांगितला. तीन नळांतला एक बंद. पत्र्याला गळती. एका शिक्षकाची जागा रिकामी, त्यामुळं एकच बाई दोन वर्ग सांभाळतात. इंग्रजीचं पुस्तक कोरं करकरीत, म्हणजे कुणी उघडत नाही. मी म्हटलं, "मग राहू द्या की."

"दोष न्हाई असली चादर मी चाळीस वर्षांत बघितली न्हाय," ते म्हणाले. "काही दोष धुतल्यावर जात्यात, काही धुतल्यावर फाटत जात्यात. तेवढं बघायचं."

मग ते थेट त्या दोन वर्गांच्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले. बाई चाळिशीच्या, खडूनं हात पांढरे, डबा खात होत्या. तातांनी नाव नाही, गाव नाही, एकदम विचारलं, "पोरं भांडली तर तुमी काय करता?"

बाईंनी घास संपवला. "आधी भांडू देते," म्हणाल्या. "मग दोघांचं ऐकून घेते. रक्त आलं तर आधी ऐकते."

"हितं घाल," ताता मला म्हणाले. बाईंच्या देखतच.

घरी मोठं रामायण झालं. नवरा म्हणाला, लोक काय म्हणतील, काचेच्या दारातून काढली आणि वायरच्या दारात घातली. करकंबहून माझ्या भावाचा फोन आला, "ताई, सरकारीच शाळा पायजे हुती तर हितली काय वाईट हुती? एवढ्या लांब कशाला गेलीस?" मलाही आतून लागलं होतं. दवाखान्यात कुणी विचारलं तर मी काही दिवस शाळेचं नाव पुटपुटत सांगायचे. शेवटी नवऱ्याशी असं ठरलं की एक वर्ष बघायचं, आणि संध्याकाळी इंग्रजी मी घेणार. तक्ते तेवढे भिंतीवर राहिले.

जूनमध्ये रेणू दुसरीत जाऊन बसली. पहिला आठवडा गप्प. दुसरा आठवडा गप्प. खिडकीजवळ बसायची, लिहायची आणि घरी यायची. पोट मात्र दुखत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात माझा धीर सुटला, बाईंना गाठून म्हटलं की आता काय करायचं. बाई म्हणाल्या, "काही करू नका. ती सगळं ऐकती. मला दिसतंय." नवरा रात्री पुन्हा दुसऱ्या शाळांचे नंबर काढून बसला आणि ह्या वेळी मी त्याला अडवलं नाही. ही शाळाही चालली नाही तर माझ्याकडं चौथी शाळा नव्हती.

एका बुधवारी दुपारी दवाखान्यात बाईंचा फोन आला. "तुमच्या रेणूनं भांडण केलंय. येऊन जावा."

मी चप्पल कुठली घातली तेही मला आठवत नाही. वर्गात गेले तर एका बाजूला रेणू, दुसऱ्या बाजूला सना नावाची तिच्याएवढीच मुलगी, आणि सनाची आई, शिवणकाम टाकून आलेली, खांद्यावर टेप तसाच. "देखो जी, मेरी बच्ची का दफ्तर खिडकी से फेक दी," ती मला म्हणाली. बाईंनी चेहरा कडक ठेवून हकीकत सांगितली. सना खिडकीच्या जागेवर बसली. रेणूनं आधी तिच्याकडं बघितलं. मग उभी राहून सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "नाही. इथं मी बसते." आणि दफ्तर बाहेर. शाळेत आल्यापासूनचे तिचे हे पहिले शब्द होते.

मला रडू फुटलं. तिथंच, सगळ्या पोरांसमोर, दोन्ही हातांनी तोंड झाकून. सनाच्या आईला वाटलं, मी शरमेनं रडतेय. तिचा राग कुठल्या कुठं गेला. माझ्या पाठीवर हात फिरवत मराठीत म्हणाली, "जाऊ द्या ओ ताई, पोरं हैत. दफ्तर काय फाटलं नाही." मी डोळे पुसले आणि खिडकीतून बाहेर बघितलं. तोवर रेणू आणि सना बाहेर जाऊन दफ्तराला लागलेली माती झटकत होत्या आणि आधी कुणी झटकायची यावरून परत वाद घालत होत्या. रेणूचा आवाज सनापेक्षा मोठा होता.

घरी आल्यावर मी सरळ तातांच्या दारात गेले. ते खुर्चीत बसून ज्वारी निवडत होते. सगळं सांगितलं. त्यांनी मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं.

"काय म्हणली? नीट सांग."

"नाही म्हणाली. नाही, इथं मी बसते."

"मोठ्यानं?"

"सगळ्या वर्गानं ऐकलं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, चष्मा लावला आणि हैदराबादला फोन लावला. त्यांचा फोन रविवारचा, मुलगी घाबरली. स्पीकरवर तिचा आवाज आला, "बापू, तब्येत बरी आहे ना?" एवढ्या वर्षांत मला तेवढं तेलुगू कळायला लागलं होतं. तातांनी तिला सना, खिडकी, दफ्तर, सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा जास्त रंगवून. ती हसली. मग तातांनी फोन तोंडाजवळ धरला.

"ह्या शनिवारी इकडं ये," ते म्हणाले.

"हो बापू," पलीकडून लगेच आलं.

"तुला जमणार हाय का, ते विचारलो मी."

पलीकडून ऑफिसातले आवाज ऐकू येत होते, कुणीतरी तिला हाक मारत होतं. ताता फोनकडं बघत बसले. ज्वारीनं पांढरा झालेला हात त्यांनी गुडघ्यावर पुसला. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"नाही बापू. ह्या शनिवारी मला नाही जमणार."

तातांनी फोनवर तळहात झाकला आणि माझ्याकडं वळले. डोळ्यांतलं पाणी सुरकुत्यांतून खाली येत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"येत न्हाय म्हणतीय," ते मला म्हणाले.